गच्चीवरची क्रेन

ती एकेक पाऊल मागे सरकत होती आणि तिच्या मागे गच्ची संपत होती. घणसोली गावातल्या आमच्या घराच्या गच्चीला कठडा नाही. तिच्या डोळ्यांवर मोठा बंद चष्मा, कानांवर हेडफोन. हाक मारून उपयोग नव्हता. मी पापड वाळत घालत होते, ते टाकून धावले आणि वेणी धरून तिला ओढलं. दोघी पापडांवर पडलो.

चष्मा काढून ती म्हणाली, "आजी, आत मी क्रेनवर उभी होते. तिथं कठडा हाय ओ."

"तिथं असेल. इथं नाही."

खालच्या खोलीतली ही नवी भाडेकरू साताऱ्याकडची. बंदरावरची क्रेन चालवायला ऑनलाइन शिकत होती; त्या चष्म्यात सगळं बंदर खऱ्यासारखं दिसायचं. खोलीत हात पसरले की भिंत लागायची, म्हणून गच्चीवर यायची. चप्पल काढून, चष्मा पाया पडल्यासारखा कपाळाला लावून मगच घालायची.

दुसऱ्या दिवशी ती परत आली. मी जुनं लुगडं तिच्या कमरेला बांधलं आणि दुसरं टोक टाकीच्या पाइपाला.

"म्हशीसारखं बांधलंत की," ती हसली.

"म्हशीला समोरचं दिसतं."

परीक्षेपर्यंत मी रोज तिथंच बसले. आधी लुगड्याची गाठ दोनदा ओढून बघायचे.

पास होऊन ती गेली. भाड्याचं सगळं मुलगा बघतो, मी नुसतं 'पोरी' म्हणायचे; नाव विचारायचं राहिलं. मुलगा सांगतो, आता न्हावा शेव्याच्या बंदरात खऱ्या क्रेनवर आहे. जिवंत आहे.