मोरिहिकोचं दुधाळ पाणी

घरजावयाला कुणी मान देत नाही, मीही कधी दिला नाही. पण मोरिहिकोची गंमत बघायला मात्र रोज सकाळी टोफूची बादली घेऊन त्याच्या मागच्या दारात हजर असायची.

किरीशिमाच्या धुमसत्या डोंगराखाली, रस्ता संपतो तिथे त्याच्या सासूची, हात्सुयोबाईंची सराई आहे. उतारू दिवसभर डोंगरावरच्या राष्ट्रीय उद्यानात ज्वालामुखीचं तोंड बघत हिंडतात, केसांत राख घेऊन परततात आणि गंधकाच्या दुधाळ, गरम पाण्याच्या हौदात गळ्यापर्यंत बुडतात. सराई चालते ती त्या झऱ्यावर. हात्सुयोबाईंनी लेकीसाठी हा जावई घरात आणला, त्याचं आडनाव पुसून आपलं चिकटवलं आणि बजावलं, की नवऱ्याच्या येत्या वर्षश्राद्धाला सराई जावयाच्या नावावर करायची की पुतण्याच्या, ते ठरेल. तोवर जावयाने हौद घासावेत.

नेमका तेव्हाच डोंगर हलला. झऱ्याला कोमट, निवळ पाणी यायला लागलं. सासूला कळलं असतं तर जावयाचाच पायगुण ठरला असता. म्हणून त्याने लाकडांच्या खोपटात गुपचूप बंब बसवला, शहरातून गंधकाची पूड आणली आणि पहाटे हौदात ढवळू लागला. ती पोती माझ्या नजरेतून थोडीच सुटणार? दुधात पाणी घालणारे पुष्कळ बघितलेत, पाण्यात दूध घालणारा तूच पहिला, असं मी त्याला म्हटलं. बिचारा कमरेत वाकवाकून गयावया करायला लागला. मी गप्प राहिले. तमाशा रंगात आला असताना पडदा कोण पाडतं?

हात्सुयोबाई तर खूश. पाणी पूर्वीपेक्षा मऊ झालंय, गुडघे हलके झालेत, असं गावभर सांगत सुटल्या. श्रेय मात्र भिंतीवरच्या फोटोला. गेल्यावरही माझा माणूस पाणी धाडतोय म्हणे. जावई दाराबाहेर टॉवेल धरून ऐकायचा.

श्राद्ध तोंडावर आलं आणि डोंगर पुन्हा गुरगुरला. खरं पाणी परत आलं. कढत, राखाडी, नाकाला झोंबणारं. मोरिहिकोने बंब विझवला. त्या दिवशी मी त्याची शीळ पहिल्यांदा ऐकली.

संध्याकाळी सासूबाई हौदातून लालबुंद होऊन बाहेर आल्या. लेक चिझुरु आणि पुतण्या तात्सुओ, दोघांना समोर बसवलं. मी रिकामी बादली न्यायला आले होते, ती काही केल्या सापडेना.

"जावईबापू, काय ओतलंस रे? पाणी आहे की गटार?"

मोरिहिकोने कपाळ चटईला टेकलं आणि सगळं ओकून टाकलं. "आई, आजचं पाणी अस्सल आहे. इतक्या दिवसांचं माझं होतं."

चिझुरु नखं बघत बसली. तात्सुओला खोटा खोकला आला. म्हातारीने फोटोकडे बोट केलं.

"म्हणजे माझ्या माणसाच्या नावाखाली तू मला फसवलंस," ती म्हणाली. "सराई तात्सुओची."

"आणि मी?"

"तू कुठे निघालास? माझे गुडघे आत्तापासून ठणकायला लागलेत. उद्या पहाटेपासून पूड टाक."

श्राद्ध झालं. अस्सल झरा आता मागच्या ओढ्याला सोडलाय. थंडीत मी तिथे फुकटात पाय शेकत बसते. वर खोपटात मोरिहिको बंब पेटवत असतो आणि माडीवरून तात्सुओ ओरडतो, पोतं नीट धर, सांडू नकोस.