वावळाचा फुलोरा

मॅट्रिकला दुसऱ्यांदा बसले त्या वर्षी फेब्रुवारी लागल्यापासून शाळेत जायच्या आधी मी रोज वावळाची खालची फांदी वाकवून पाहत असे. मंगरूळपीरच्या सडकेला लागून आमचं दोन खोल्यांचं घर होतं. सडकेच्या कडेला तीन जुने वावळ होते आणि त्यांच्या फांद्या आमच्या अंगणावर आलेल्या होत्या. हिवाळ्यात हे झाड उघडं पडतं. मग काड्यांवर ज्वारीच्या दाण्याएवढे तपकिरी कळे फुगतात, त्यांतून बारीक हिरवट-पिवळा फुलोरा निघतो आणि पानं त्यानंतर येतात. या फुलोऱ्याकडे कुणी पाहत नाही. पुढं त्याच्या चपट्या पापड्या होतात, त्या पोरं सोलून खातात, तेवढीच या झाडाशी लोकांची ओळख. माझं मात्र अख्खं वर्ष त्या काड्यांवर टांगलेलं होतं.

तेव्हा मॅट्रिक अकरावीला होती. आदल्या मार्चमध्ये गणिताच्या पेपरात मला शिंका सुरू झाल्या त्या थांबल्याच नाहीत. डोळे सुजून मिटले, नाकातून पाणी उत्तरपत्रिकेवर गळू लागलं. तास झाला नसेल, मी पेपर देऊन बाहेर आले. गणितात नापास. ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत आमच्या हातून निघून गेली, कारण मुदत असते हेच घरात कुणाला माहीत नव्हतं.

बा सडकेच्या गँगवर खडी पसरायच्या कामाला होता. तो मला रागावला नाही. एवढंच म्हणाला, "आणखी एक डाव बस. मंग मायसंगं कापूस येचाले जाजो."

कापूस वेचण्यात कमीपणा होता असं नाही, माझी माय जन्मभर तेच करत आली. पण माझ्या आधी आमच्या घरात कुणी चौथीपुढं गेलेलं नव्हतं, आणि मला पुढं जायचं होतं. त्या हिवाळ्यात मी एका जागी बसू शकत नसे. पुस्तक उघडायची, उठायची, अंगणात चक्कर मारायची, परत यायची.

मला थंडी बाधते, असं घरात ठरलेलं होतं. माय तव्यावर ओव्याची पुरचुंडी गरम करून माझी छाती शेकायची. दिवसभर माझी गोधडी अंगणातल्या बाजेवर उन्हात पसरून ठेवायची. पानं नसल्यामुळं सगळ्यात चांगलं ऊन वावळाखालीच यायचं, म्हणून बाज तिथंच.

"उन्हाची गोदडी लय येळ गरम राह्यते," ती म्हणायची. "आन तू बी घरात कायले बसते गारठ्यात? बाजीवर बसून वाच ना."

मी बाजेवर बसून वाचायची आणि संध्याकाळी तीच गोधडी डोक्यावरून घ्यायची.

आमचे विज्ञानाचे सर सायकलनं यायचे. त्यांनी एकदा वर्गात मला नाक पुसताना पाहिलं आणि विचारलं, "हे कशानं होतं?"

"थंडीनं, सर."

"डिसेंबरात तर दात वाजत होते. तेव्हा शिंकत होतीस?"

मला आठवेना. ते म्हणाले, "मग लिहून ठेव. आजची हवा कशी, आणि तू कशी."

मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहू लागले. खूप गारठा, मी बरी. ढग आले, बारीक पाऊस पडला, मी बरी. दोन दिवस पावसाची झड होती तेव्हा मायनं घाबरून मला घराबाहेर पडू दिलं नाही, आणि त्या दोन दिवसांत मला एक शिंक आली नाही. पुढं ऊन पडलं, कोरडा वारा सुटला. सडकेपलीकडे आणखी एक वावळ होता, त्याला आमच्या वावळांपेक्षा आधी तुरळक फुलोरा आला होता. त्या दिवशी दुपारीच डोळे चुरचुरू लागले.

सरांनी कॅलेंडर शांतपणे वाचलं. "पाटीवर एरंडेलाचं बोट फिरव आणि त्या झाडाखाली ठेव."

दुपारी पाटीवर पिवळसर भुकटी बसलेली होती. बोटाला लावली तर पिठासारखी लागली. हे झाडाचे पराग, ते म्हणाले. या फुलांना माशा-भुंगे लागत नाहीत, वारा पराग उडवतो. कोरड्या वाऱ्यात ते दूर जातात, पावसात खाली बसतात. काही माणसांना ते सोसत नाहीत. थंडी लवकर मोडली तर झाड लवकर फुलतं आणि लवकर मोकळं होतं. थंडी लांबली तर फुलोराही लांबतो.

मी घाईनं मागचं आठवू लागले. नववीत थंडी लवकर गेली होती, शिंका जानेवारीत उरकल्या होत्या. मागच्या वर्षी थंडी लांबली होती आणि शिंका परीक्षेवर आल्या. यंदाही थंडी हटत नव्हती. आमच्या अंगणातले कळे मिटलेले होते. शेजारचे काका सकाळी शेकोटीजवळ हात चोळत म्हणायचे, "गव्हाले मस्त थंडी हाये यंदा," आणि मला त्यांचा उगाच राग यायचा.

परीक्षेला दहा-बारा दिवस राहिले आणि ऊन तापलं. एका सकाळी फांदी वाकवली तर कळे फुटलेले होते.

त्याच दिवशी मायनं बाजेवरची गोधडी उचलून घरात आणली आणि दारात झटकली. उन्हाच्या तिरिपीत पिवळा धूर उठावा तशी भुकटी उडाली. मला लागोपाठ शिंका आल्या. मी गोधडीवर तेलाचं बोट फिरवलं आणि तिला दाखवलं. पाटीवरची भुकटी तिनं पाहिलेली होती.

तिनं माझं बोट धरून उजेडात पाहिलं. "म्हंजे मीच तुले बिमार पाडून राह्यली होती?"

"तुले कुठं माहीत होतं, माय."

"दोन हिवाळे," ती म्हणाली आणि आत गेली.

बा म्हणाला, "फांद्या छाटू का?" मग स्वतःच हसला. "सरकारी झाड हाय. सडकेवरचाच मानूस सडकेचं झाड तोडून राह्यला म्हनतीन."

मायनं तिन्ही गोधड्या विहिरीवर नेऊन धुतल्या. जाड गोधडी घरात वाळायला तीन दिवस लागतात. ते तीन दिवस आम्ही पोती पांघरली. तिनं बाज आत घेतली, दाराखिडकीला ओली तरटं बांधली आणि दिवसातून चार-पाचदा त्यांवर पाणी मारलं. मी शाळेतून आले की आधी डोक्यावरून पाणी, मग घर. पुस्तकं अंधारात वाचावी लागत. जीव घुसमटायचा. पण नाक मोकळं होतं.

गणिताच्या दिवशी बाहेर वारा होताच. माय केंद्रापर्यंत माझ्यासोबत आली, माझ्या तोंडावर ओला पदर धरून. लोक पाहत होते. मी तिला म्हटलं, "माय, आता सोड." फाटकापाशी तिनं सोडला. पेपरात मी शिंकले. पर्यवेक्षकांनी वर पाहिलं. मी थांबून वाट पाहिली, पुढची येते का. आली, आणि मग आलीच नाही. एक उदाहरण सुटलं नाही, बाकीची सोडवली.

मी पास झाले. अकोल्याला कॉलेजात गेले, पदवी घेतली. त्यात सरांचं ऋण मोठं आहे, आणि ते मी त्यांच्याजवळ कधी नीट बोलून दाखवलं नाही.

कॉलेजच्या पहिल्या हिवाळ्यात सुट्टीत घरी आले तेव्हा अंगणात ऊन होतं, बाज रिकामी होती. गोधड्या आत पेटीत घड्या करून ठेवलेल्या. मायची गोधडी हातात घेतली तर बर्फासारखी थंड लागली.

"तुझी तरी उन्हात टाकत जा," मी म्हटलं. "मी तं इथं नसतेच."

ती चुलीपुढं भाकर थापत होती. "घर एकच हाय ना," म्हणाली. "तू कवाबी येशीन."