बंद फ्लॅटची चावी

मुलुंडला आमच्या शेजारचा फ्लॅट विकायचा होता. मालक परगावी, चावी एजंटकडे. घर विकलं तरच त्याला दलाली मिळे, म्हणून तो कुठल्याच गिऱ्हाइकाला नाही म्हणत नसे. आत शिरताच सगळे नळ सोडायचा आणि ओरडायचा, "पाणी बघा, झकास!" मला म्हणायचा, "शीक रे बाबा, पगाराची नोकरी धर." आमच्या घरात कॉलेजात जाणारा मीच पहिला. त्याच्याकडे बघून मला धास्ती वाटायची.

मग बरेच महिने त्याचा एकही व्यवहार झाला नाही. भाडं थकलं आणि त्याची स्वतःची खोली गेली. एका संध्याकाळी तो बायको आणि मुलीला घेऊन त्या फ्लॅटमध्ये शिरला. दिवा लावला नाही. सकाळी त्यांची वळकटी आईने गुपचूप आमच्याकडे ठेवून घेतली.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक न कळवताच आलं. मी दारातच उभा होतो. एजंटने बायकोकडे बोट दाखवलं. "ह्या बाईपण बघायला आल्यात. लवकर ठरवा, साहेब."

बायकोने मुलीचा हात घट्ट धरला आणि नवऱ्यालाच विचारलं, "किंमत कमी होईल का हो?"

गिऱ्हाईक बिथरलं. "टोकन आत्ता घ्या. पण यापुढे घर कुणाला दाखवायचं नाही. चावी माझ्याकडे द्या."

एजंटचा हात खिशात गेला आणि तिथेच राहिला. तो बायकोकडे बघत होता. ती मुलीला घेऊन, परक्या बाईसारखी, जिना उतरू लागली.