सतरा ठिगळं

सेनगावच्या कचेरीत बंडोपंतांनी छत्तीस वर्षं कारकुनी केली आणि त्यातली चार चक्क मोठ्यानं वाचण्यात घालवली. तालुक्यातले सातबारे कॉम्प्युटरात घालायचं ठरलं, तेव्हा जुन्या रजिस्टरातलं किरटं अक्षर लागणारा माणूस कचेरीत एकच होता. बंडोपंत ओळीवर बोट ठेवून वाचायचे आणि समोर बसलेली मिना टाइप करायची. मिना जवळच्या तांड्यावरच्या किसनसिंगची लेक, कंत्राटावर लागलेली. पहिले आठ दिवस बंडोपंत कुरकुरले, ह्या पोरीला काय समजणार म्हणून. नवव्या दिवशी तिनं मधेच हात थांबवला. "काका, मागच्या पानावर ह्या गटाला दुसरं नाव होतं." बंडोपंतांनी पान उलटलं. होतं. त्यानंतर कुरकुर बंद.

नोंद संपली की ते म्हणायचे, "झालं. पुढं." मिना "हं" म्हणेपर्यंत पुढची ओळ वाचायचे नाहीत. चार वर्षं हेच चाललं. मग मिनाला जिल्ह्याच्या पाचही तालुक्यांचे कॉम्प्युटर सांभाळायला हिंगोलीला बोलावून घेतलं आणि बंडोपंत नव्या ऑपरेटरला घेऊन एकेक गाव तपासत बसले. सहा महिन्यांत बाराशे चुका निघाल्या. त्यातली एक त्यांच्या जिवाला फार लागली. किसनसिंगच्या जमिनीची नोंद वाचताना त्यांची एक ओळ सुटली होती, आणि त्या ओळीत मिनाच्या आजीचं, भिकाबाईचं नाव होतं. बंडोपंतांनी ते गुपचूप घालून घेतलं. मिनाला सांगायचं मात्र त्यांच्या तोंडून निघेना.

हे सगळं टेबलाखालच्या एका करड्या पेटीत होतं. पेटी म्हणजे युनिक्स नावाच्या प्रणालीवर चालणारा सर्व्हर, सगळ्या नोंदी सांभाळणारा कॉम्प्युटर. तो बनवणाऱ्या कंपनीला आपल्याच कामात चुका सापडत राहायच्या आणि मग दुरुस्तीचे तुकडे यायचे. लोक त्यांना पॅच म्हणायचे, बंडोपंत ठिगळं म्हणायचे. दोन वर्षांत सतरा साचली होती. कुठलं आधी, कुठलं नंतर, ह्याचे नियम इंग्रजीत, आणि क्रम चुकला की पेटी उठायची नाही. त्यात नक्कल काढायचा टेपचा ड्राइव्ह बिघडलेला. हिंगोलीत ठेवलेली नक्कल सहा महिने जुनी, म्हणजे बाराशे दुरुस्त्यांच्या आधीची. ह्या महिन्याच्या एकतीस तारखेला बंडोपंत निवृत्त होणार होते.

शनिवारी मिनाचा फोन आला.

"काका, एका रविवारी पाच ठिकाणी मी कशी पुरू? सतराच्या सतरा एका सीडीत क्रमानं बांधून बसनं पाठवून राहिले. तुमी फक्त एक ओळ टाइप करायची."

"अगं पोरी, मी आजवर वाचलंय, बटण कधी दाबलं न्हाई! सहा महिन्यांचं काम हाय त्याच्यात. गेलं तर?"

"न्हाई जाणार, काका."

रविवारी दहाला बंडोपंत रिकाम्या कचेरीत आले. चपला दाराबाहेर काढल्या. सीडी पेटीत सरकवली, सोबत आलेल्या कागदावरची ओळ एकेक अक्षर शोधत टाइप केली, तीनदा बोट ठेवून तपासली आणि एंटर दाबलं.

पडद्यावर अक्षरं उमटली. अक्षरं इंग्रजी, पण बोली आपली! 'काका, नमस्कार. घाबरू नका. हे पहिलं.' मिनिटभर काहीच हाललं नाही. मग खाली आलं, 'झालं. पुढं. हं म्हणायला एंटर दाबा.'

बंडोपंतांनी ओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचलं. त्यांचेच दोन शब्द त्यांना पेटी ऐकवत होती.

"हं," ते मोठ्यानं म्हणाले आणि बटण दाबलं.

दुसरं झालं, तिसरं झालं. पाचव्याला पडदा म्हणाला, 'ह्याला वेळ लागतो. चहा घेऊन या.' बंडोपंत मुकाट्यानं उठले आणि चहा पिऊन आले. एवढा हुकूम त्यांनी साहेबाचाही कधी ऐकला नव्हता.

दहावं चालू असताना लाइट गेली. यूपीएसनं चार मिनिटं गळा काढला आणि तोही गप्प झाला. त्यांनी हिंगोलीला फोन लावला. घंटी वाजत राहिली. मिना वसमतच्या पेटीसाठी तिकडं गेलेली. पडदा काळा, आणि त्याच्या आत बाराशे दुरुस्त्या. बंडोपंत देवाचं नाव घ्यायला गेले, तर तोंडात गावांची नावं येऊ लागली.

दीड वाजता पंखा फिरला. त्यांनी पेटी चालू केली आणि तीच ओळ पुन्हा टाइप केली.

'काका, लाइट गेली होती ना? तकलीफ न्हाई. नऊ झाली. दहावं अर्धं राहिलं होतं, ते काढून जुनं होतं तसं लावलं. आता दहावं पहिल्यापासून.'

अर्धं झालेलं काम असं मागं घेता येतं, हे छत्तीस वर्षांच्या कारकुनीत बंडोपंतांनी पाहिलं नव्हतं. आणि लाइट जाणार हे कोणीही सांगितलं असतं, पण त्या वेळी इथं एक म्हातारा जीव मुठीत धरून बसलेला असेल, हे त्या पोरीनं आधीच ओळखून लिहून ठेवलं होतं. त्यांना तिच्यापुढं फार लहान झाल्यासारखं वाटलं, आणि त्याचा आनंदही झाला.

सतरावं संपलं. ह्या वेळी पडद्यावर नुसतं 'झालं' आलं. खाली लिहिलं होतं, 'आता आमच्या तांड्याचा गट एकशे चौदा उघडा. आजीचं नाव असलं तर तुमच्या दुरुस्त्या जागेवर, सगळं बराबर.'

म्हणजे तिला ठाऊक होतं. सुटलेली ओळही, आणि गुपचूप भरलेलीही.

त्यांनी गट उघडला. सवयीनं पडद्यावरच बोट ठेवलं आणि वाचलं. किसनसिंग. त्याच्या खाली, भिकाबाई.

चारला फोन वाजला. "काका, झालं का?"

बंडोपंतांना बरंच काही बोलायचं होतं. पण तोंडून एवढंच निघालं, "हं."