कस्तुराबाईंनी साफ केलेलं कुंपण

आमच्या शाळेत खिचडी शिजवतात त्या कस्तुराबाई. बिलोली तालुक्यातलं आमचं गाव तेलंगणाच्या हद्दीला खेटून आहे आणि बाईंचं माहेर पलीकडचं. त्या माहेरच्या शाळेशी आमची फुलपाखरांवरून सोयरीक जुळली. पावसाळा सरता सरता निळ्या ठिपक्यांची काळी फुलपाखरं थव्यानं प्रवासाला निघतात. तिकडं दिसली की तिकडची मुलं फोन करायची. इकडं उतरली की आमच्या शाळेतली तनुजा वहीत तारीख लिहायची. तेलुगूचं मराठी करायला कस्तुराबाई, तेही एका हातानं खिचडी ढवळत. एकदा खिचडी करपली, तरी कुणी कुरकुरलं नाही.

एका वर्षी शनिवारी तिकडची वीस मुलं फुलपाखरं बघायला येणार होती. आमच्या कुंपणालगत खुळखुळ्याची झुडपं माजली होती आणि थवे तिथंच बसायचे. त्याआधीचे दोन दिवस मुलांना सुट्टी आणि मी नांदेडला प्रशिक्षणाला. शनिवारी सकाळी येऊन बघतो तर अंगणात सडा, दारात रांगोळी आणि कुंपणाला एक झुडूप शिल्लक नाही.

माझं डोकंच फिरलं. बोलू नये ते बोललो.

"माझ्या माहेरचे लेकरं यायलेत, सर," बाई म्हणाल्या. "त्यांना गचपण कसं दावावं?"

फोनवरच्या गप्पा सगळ्या फुलपाखरांच्या. झुडपाचं मी बाईंना कधी सांगितलंच नव्हतं. चूक माझी, बोलणी त्यांना. मला लाज वाटली, पण कबूल करायला तोंड उघडेना. तेवढ्यात टेम्पो दारात आला.

पहिल्याच उतरलेल्या मुलीनं काहीतरी विचारलं. बाईंनी डोळे पुसले. "फुलपाखरं कुठायत म्हणून इचारायली," त्यांनी मला सांगितलं. मग त्याच तिच्याशी तेलुगूत बोलल्या, तिचा हात धरला आणि कापलेलं दाखवायला स्वयंपाकखोलीच्या मागं घेऊन गेल्या. माहेरच्या पोरीशी खोटं बोलणं त्यांना जमणार नव्हतं.

मागं त्यांनी झुडपं जळणाला म्हणून पसरून ठेवली होती. दोन दिवसांच्या उन्हात ती कोमेजली होती. ढिगाचा रंग मात्र काळानिळा दिसत होता, आणि तो हलत होता. काडी न काडी फुलपाखरांनी भरली होती. मुलांबरोबर आलेले पलीकडचे गुरुजी हसले. सुकत्या खुळखुळ्याच्या देठांतला रस ओढायला ही उभ्या झाडापेक्षा जास्त जमतात, असं मोडक्या मराठीत म्हणाले. एवढी पुस्तकं वाचूनही मला ते ठाऊक नव्हतं.

दोन्हीकडची मिळून चाळीस मुलं श्वास रोखून उभी होती. मी सगळ्यांदेखत बाईंची माफी मागितली. त्यांना ते तेलुगूत सांगायची भारी लाज वाटली, पण मुलांनी सोडलं नाही, त्यांना सांगावंच लागलं.

आता दरवर्षी पाहुणे यायच्या दोन दिवस आधी विळा मीच त्यांच्या हातात देतो.