झोपलेला पत्रा

टकटककाकांनी बसगाड्या बांधण्याच्या कारखान्यात तीस वर्षं पत्रे ठोकले. ते निवृत्त झाले, पण त्यांचं बोट काही निवृत्त झालं नाही. दिसेल त्यावर ते टकटक करून कान लावत. फ्रिज, कलिंगड, एकदा तर मेहुण्याचं टक्कल. मेहुणा त्यानंतर वर्षभर फिरकला नाही. काकूंच्या मते टकटकीचा तेवढाच काय तो फायदा.

मग काकांनी भटकायला एक जुनी व्हॅन घेतली. आतच झोपायचं, आतच चहा. पहिल्याच फेरीनंतर काकू म्हणाल्या, "डब्यात खिळे घालून हलवल्यासारखी वाजते ही. मागे शांतता झाली तर येईन. नाहीतर तुम्ही आणि तुमचा पत्रा, जा सुखाने."

काकांना एकट्याने जायचंच नव्हतं. त्यांनी आतली पॅनेलं उतरवली आणि इंच इंच पत्रा वाजवून पाहिला. 'टण्ण' आवाज आला की तिथे काळी चिकट रबरी पट्टी रोलरने दाबून बसवायची. 'ठप्प' आला की पत्रा झोपला. मग ऊन-थंडीसाठी लोकरीचा जाड थर, वर प्लायवूड. चालकाच्या पाठीमागच्या भिंतीला तर प्रेमापोटी दोन थर.

दीड महिन्याने परीक्षा. काकूंना मागे बसवून दार लावलं. "मी बाहेरून पातेलं वाजवतो. ऐकू आलं तर आतून टकटक कर."

काकांनी पळीने पातेलं बडवलं. आतून उत्तर नाही. पातेलं टाकून परात घेतली. शेजारी गॅलरीत जमले, कुत्री भुंकली, व्हॅन ढिम्म. काकांचा ऊर भरून आला.

दार उघडलं तर काकू बोट चोळत बसलेल्या.

"वीस वेळा टकटक केली मी."

"मला एकदाही ऐकू नाही आली."

"परात बडवताना कशी येईल?"

काकांचा चेहरा पडला. काकूंना दया आली. "रस्त्यात परात घेऊन कोण उभं राहणार आहे? चला, एक चक्कर मारा."

काका निघाले. सवयीप्रमाणे प्रत्येक वाहनचालकाची अक्कल काढत, प्रत्येक वळणाचा इतिहास सांगत, तासाभराने परतले. काकू ताज्यातवान्या उतरल्या.

"काही वाजलं?" काकांनी भीत भीत विचारलं.

"काहीच नाही. तुम्ही बोलत होतात का काही?"

"सगळा रस्ताभर."

काकू क्षणभर त्या दोन थरांच्या भिंतीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बॅग मोठी घेऊ की लहान?"