ड्रुइडचं सोवळं

"हा मेला," पीटर साहेब म्हणाले.

त्यांच्या डाव्या तळहातावर आमची बाहुली उभी होती आणि उजव्या हातात भिंग होतं. बाहुली अंगठ्यापेक्षा थोडी लहान. लांब दाढी, हातात काठी, कमरेला विळा आणि अंगात कड्याकड्यांचं तांब्याचं चिलखत. त्यातली एकेक कडी मी सुईच्या टोकानं उठवली होती आणि मला त्याचा भारी अभिमान होता.

"ब्लो-होल हाय काय?" अण्णांनी मला हळूच विचारलं. ओतताना धातूत हवा अडकून भोक पडतं, त्याला ब्लो-होल म्हणतात. गिऱ्हाइकानं तोंड वाकडं केलं की फौंड्रीवाल्याला आधी तेच आठवतं.

"कास्टिंग फर्स्ट क्लास आहे," साहेब म्हणाले. "पण ड्रुइड धातूचं चिलखत घालत नाही. ही बाहुली मी नेऊ शकत नाही."

साहेब इंग्रजीतच बोलायचे. इथे मी त्यांचं बोलणं मराठीत सांगते आहे.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. अण्णा म्हणजे आमचे मालक. बेळगावात उद्यमबागेत त्यांची फौंड्री होती. पंपांचे आणि व्हॉल्व्हचे भाग ओतणं हा मूळ धंदा. मग कुणाच्या तरी ओळखीनं इंग्लंडमधल्या एका खेळण्यांच्या कंपनीचं काम आलं. तिकडे एक नवा खेळ निघाला होता. चार-पाच माणसं टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कुणी सरदार, कुणी चोर, कुणी जादूगार. पुढे काय घडणार ते पासे ठरवतात. आपण कुठे उभे आहोत हे कळावं म्हणून प्रत्येकासमोर एक धातूची बाहुली असते. त्यातल्या सहा बाहुल्यांचा पहिला सेट आम्ही करायचा होता.

मी मॉडेलर, म्हणजे मूळ बाहुली घडवणारी. माझं शिक्षण चित्रकलेच्या शिक्षिकेचं, पण शाळेत जागा निघेना म्हणून फौंड्रीत आले. अण्णांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, "शालन, सेट पास झाला तर ह्यो विभाग ऱ्हाणार. न्हाय झाला तर मी पुन्हा पंप वततो, आणि तू निपाणीला जा." निपाणी म्हणजे माझं घर. तिथे माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. टिळकवाडीतल्या मामांच्या घरून रोज सायकलनं फौंड्रीत येणं मला फार आवडायचं. मला परत जायचं नव्हतं.

त्या कंपनीचे पीटर साहेब सेट पास करायला स्वतः आले होते. सहापैकी पाच बाहुल्या त्यांनी बघता बघता पास केल्या. सहावा हा ड्रुइड. ड्रुइड म्हणजे त्यांच्याकडचा जुन्या काळातला पुजारी. रानात राहणारा, झाडाझुडपांना देव मानणारा. कंपनीनं पाठवलेल्या चित्रात तो झग्यात गुंडाळलेला होता, आत काय ते दिसत नव्हतं. खाली एवढंच लिहिलं होतं की, चिलखताच्या बाबतीत याला धर्माचं बंधन आहे.

बंधन कसलं, हे आम्ही विचारलंच नाही. चित्र पाहून मीच म्हणाले, "पुजारी म्हणजे चामडं चालणार नाही." अण्णा म्हणाले, "चामडं कसं चालंल?" साचे करणारे मारुती मिस्त्री म्हणाले, "तांबं घाल. तांबं सोवळ्यात चालतंय." झालं. एका मिनिटाच्या आत तिघांचं एकमत. साहेबांना टेलेक्स करून विचारावं असं कुणाच्या मनातही आलं नाही.

आणि चामडं चालणार नाही हे पहिल्यांदा बोललं कोण, तर मी. माझे वडील, आप्पा, निपाणीत चपला करायचे. देवळाच्या पायरीशी बसून त्यांनी जन्मभर लोकांच्या चपलांचे तुटलेले अंगठे शिवले आणि पायरी कधी चढले नाहीत. बाहुल्या घडवायला मी जी सुई वापरायचे, ती त्यांचीच चामडं टोचायची मोडकी आरी घासून केलेली होती.

"याके?" अण्णांनी विचारलं. गोंधळले की त्यांच्या तोंडून कन्नड यायचं. मग सावरून इंग्रजीत, "व्हाय नॉट मेटल, सर?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि कोट काढून खुर्चीला अडकवला. "सांगून कळणार नाही. खेळू या."

त्यांनी खिशातून पासे काढले. आमचे पासे चौकोनी. यांतला एक तर वीस बाजूंचा होता, आवळ्यासारखा. मिस्त्रींनी तो आधी उजेडात धरून पाहिला आणि याचा साचा कुठे उघडत असेल ते बोटानं शोधलं. मग आम्ही ऑफिसच्या टेबलाभोवती बसलो. अण्णा सरदार झाले, मिस्त्री चोर झाले आणि त्यांना ते मनापासून आवडलं. मी ड्रुइड. समोर माझीच तांब्याच्या चिलखतातली बाहुली.

साहेबांनी गोष्ट सुरू केली. दाट रान, नदी, पलीकडून दरोडेखोर येताहेत. अण्णांनी तलवार उपसली, पासा टाकला आणि एकाला आडवा केला. पंपाच्या ऑर्डरीवर सही करतानासुद्धा त्यांचा चेहरा इतका खुललेला मी पाहिला नव्हता. मिस्त्री झाडावर चढून बसले आणि खाली यायला तयार होईनात.

"आणि तू?" साहेबांनी मला विचारलं. "तू वेलींना सांगू शकतेस. त्या दरोडेखोरांचे पाय बांधतील."

"सांगते," मी म्हणाले.

"वेली ऐकत नाहीत."

"का?"

"तुझ्या अंगात धातू आहे. धातू अंगावर असला की रान तुझं ऐकत नाही."

तोवर दरोडेखोरांचा बाण मला लागला. पासा टाकला, वाईट पडला. मी मेले. साहेबांनी बाहुली आडवी केली.

"मग मी घालायचं काय?" मी विचारलं. आवाज जरा चढलाच होता.

"चामडं. चामड्याचं चिलखत आणि लाकडाची ढाल. जे रानात जगलं, वाढलं, तेच त्याच्या अंगाला चालतं."

मी पुन्हा विचारलं. माझं इंग्रजी पुस्तकातलं, चुकीचं ऐकलं असेल असं वाटलं. साहेब पुन्हा तेच म्हणाले, सावकाश. चामडं चालतं. धातूच चालत नाही.

मला इतका आनंद झाला की हसावं का काय करावं ते कळेना. एक पुजारी होता, खेळातला का असेना, आणि त्याचं सोवळं म्हणजे चामडं होतं.

मिस्त्रींना मात्र शंका आली. "मग ह्येच्या कमरंचा इळा लोखंडाचा न्हवं? त्यो कसा चालतोय?"

मी विचारून पाहिलं. साहेबांनी खांदे उडवले. "विळा चालतो. का ते मला विचारू नका. नियम आहे."

"बघ की," अण्णा म्हणाले. "आमच्यात बी रेशीम न धुता चालतंय, सुताडं धुतलेलंच लागतंय. का ते कोण इच्यारतंय?" मग त्यांनी कपाळावर हात मारला. "आणि ऋषी मृगाजिनावर बसत होते की. ते काय प्लॅस्टिक होतं? ध्यानातच आलं न्हाय बघ."

"देवळातला नगारा बी चामड्याचाच," मिस्त्री म्हणाले.

"नगारा आत असतोय, मिस्त्री," मी बोलून गेले. "मढवणारा भाईर."

साहेब आमच्याकडे बघत राहिले, त्यांना मराठी कळत नव्हतं. अण्णा पाशाशी चाळा करत होते. मग म्हणाले, "व्हय. खरं हाय." आणि मिस्त्रींना म्हणाले, "साच्याचं रबर हाय काय शिल्लक?"

साहेबांचं विमान दुसऱ्या दिवशी दुपारी होतं. "तोपर्यंत ड्रुइड मिळाला तर सहा नेतो," ते म्हणाले. "नाहीतर पाचांचा सेट विकता येत नाही. काम दुसरीकडे द्यावं लागेल." हे त्यांनी अगदी सौम्यपणे सांगितलं, त्यामुळे जास्त भीती वाटली.

अण्णा त्यांना रान दाखवायला खानापूरच्या बाजूला घेऊन गेले आणि मी कामाला बसले.

काम कसं असतं ते थोडक्यात सांगते. आधी पुट्टीची मूळ बाहुली करायची. पुट्टी म्हणजे दोन रंगांचे गोळे एकत्र मळून होणारा लगदा, काही तासांत तो दगड होतो. ही मूळ बाहुली, तिला आम्ही मास्टर म्हणतो, रबराच्या दोन चकत्यांमध्ये दाबून तापवायची. रबरावर तिचा ठसा उमटतो. तो साचा गरगर फिरवत त्यात कथील आणि शिशाचा रस ओतायचा.

माझ्याकडे उघड्या अंगाची एक जादा मास्टर होती. तिच्यावर मी चामड्याचा अंगरखा चढवला. मिस्त्री बघायला आले.

"भिजलेला हमाल दिसतोय," ते म्हणाले.

खरंच तसा दिसत होता. मी कापडाला पाडतात तशा बारीक चुण्या पाडल्या होत्या. सगळं खरवडून काढलं. पुन्हा केलं, तर आता पत्र्यासारखं गुळगुळीत झालं. धातूच्या बाहुलीवर धातू दाखवणं सोपं असतं. धातूतून चामडं दाखवायचं कसं?

लहानपणापासून मी चामड्यातच वाढले होते, पण त्याच्याकडे मॉडेलर म्हणून कधी पाहिलं नव्हतं. मी खाली वाकले, उजव्या पायातली चप्पल काढली आणि टेबलावर दिव्याखाली ठेवली. आप्पांनी केलेली चप्पल, चांगली वापरलेली.

"अगं ए," मिस्त्री मागे सरकले. "पूजेचं टेबल हाय ते. खंडेनवमीला नारळ फोडतोय आपण हितं."

"ह्ये ड्रुइडचं सोवळं हाय, मिस्त्री."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग स्टूल ओढून शेजारी बसले आणि भिंग त्यांनीच चपलेवर धरलं.

आता मला दिसायला लागलं. कापडाला जाडी दिसत नाही, चामड्याच्या कापलेल्या कडेला दिसते. कापड कुठेही मोडतं. चामडं जिथे रोज वाकतं तिथेच मोडतं, आणि ती घडी जाड असते. टाका वर बसत नाही, तो आपल्या खाचेत रुततो. पट्टा अंगाला चिकटून राहत नाही, टोकाशी जरा उचलतो. आप्पा हे सगळं हातानं करायचे आणि मी समोर बसून अभ्यास करायचे, इतक्या जवळ.

आरीच्या त्या सुईनं मी जाड कडा उठवल्या. काखेत आणि कोपराशी दोन-दोनच घड्या पाडल्या. छातीवर चामड्याच्या वादीची वेणी घातली, चपलेवर असते तशी. हात भराभर चालत होते, मी गुणगुणत होते, आणि मला वाटतं माझ्या सगळ्या नोकरीत त्या दुपारइतकी मजा मला कधी आली नाही.

एकच अडचण राहिली. पट्ट्याचं टोक उचललेलं होतं. अशी उचललेली जागा साच्यात अडकते आणि बाहुली काढताना रबर फाटतं. मी ते टोक दाबून टाकायला निघाले.

"ऱ्हाऊ दे," मिस्त्री म्हणाले. "त्येच्यामुळंच चामडं वाटतंय. साच्याचं मी बघतो."

पुट्टी रात्रभर सुकली आणि मी घरी जाऊन झोपले. सकाळी मिस्त्रींनी साचा बाहुलीच्या मधोमध न उघडता त्या पट्ट्याच्या रेषेवर उघडेल असा तिरका दाबला. पहिल्या ओतीत पट्ट्याचं टोक भरलंच नाही. दुसरीत भरलं, पण दाढी अर्धी आली. तोवर अण्णांची गाडी फाटकाशी आली होती. तिसरी ओत मिस्त्रींनी साहेबांच्या समोरच उघडली.

साहेबांनी गरम बाहुली रुमालात धरली आणि भिंग लावलं. बराच वेळ बघितलं. पट्ट्यावरून अंगठा फिरवला. मग तिला नाकाशी नेऊन वास घेतला आणि स्वतःलाच हसले.

"हा जगेल," ते म्हणाले.

अण्णांनी मिस्त्रींना मिठीच मारली. टेबलावरची चप्पल अजून तिथेच होती. साहेबांनी तिच्याकडे बोट करून विचारलं तेव्हा अण्णांनीच तोंडभरून सांगितलं, "हर फादर्स वर्क, सर." साहेब जाताना आप्पांच्या हातचा एक जोड मागवून गेले.

ऑर्डर आली. विभाग राहिला, मीही राहिले आणि त्याच खात्यातून निवृत्त झाले.

त्या रविवारी मी अर्ध्या दाढीची बाहुली घेऊन निपाणीला गेले. आप्पा दारात काम करत बसले होते. मी ती त्यांच्या हातावर ठेवली.

"कोण गं ह्यो?"

"पुजारी हाय, आप्पा."

"आणि अंगात?"

"चामडं. त्येला चामडंच लागतंय. धातू लागला तर त्येचा देव ऐकत न्हाय."

आप्पांनी बाहुली उजेडाला धरली. उलटी केली, सुलटी केली.

"कुठलं गाव म्हणायचं ह्येचं?" त्यांनी विचारलं.

"गाव न्हाय, आप्पा. खेळातला हाय."

"असू दे." त्यांनी ती आपल्या हत्यारांच्या पेटीत, चामडं कापायच्या रापीशेजारी उभी केली. मग पुन्हा उचलली. "वेणीचा शेवटचा टाका उलटा घातलाईस."

पुढच्या साच्यात मी तो सुलटा केला. आणि तेव्हापासून, टेबलाभोवतीच्या सगळ्यांचं एका मिनिटात एकमत झालं, की मी काम थांबवून आधी टेलेक्स करून गिऱ्हाइकाला विचारायला लावायचे.